वरच्या डोळ्याला दिसलं ते

माझं अक्षर चांगलं नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधी समजलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते फक्त सही करायला. तेव्हा वाचणाऱ्याने चुका पोटात घालाव्यात. आमच्या गावच्या अंगणवाडीच्या बाईंकडे एक मासिक येतं. त्यात लोकांनी आपल्याला आलेले चमत्कारिक अनुभव लिहून पाठवलेले असतात. त्यांनी मला दोन-चार वाचून दाखवले, तेव्हापासून वाटत होतं की आपलंही लिहून ठेवावं. पाठवीन की नाही माहीत नाही... बहुतेक नाहीच पाठवणार. वहीत राहील.

एक आधीच सांगते – माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमच्या गावात चिंचेखाली बाई दिसते म्हणतात. मी त्याच चिंचेखालून पहाटे मोहफुलं वेचायला जाते, मला चिंचेशिवाय काही दिसलं नाही. कुणाच्या अंगात आलं तर बाकीच्या बाया हात जोडतात, माझं लक्ष मात्र तिच्या पायातल्या जोडव्यांकडे जातं. मी भित्री नाही, लाजाळू आहे. लाजाळू माणूस खाली बघून चालतं, त्याला भुतं दिसायची कुठून?

आमचं गाव लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीपासून आत. लाखांदूरला जायला सकाळची आणि दुपारची अशा दोन एसटी आहेत. गावाच्या पश्चिमेला तलाव, तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, उंच आहे आणि पाळीवर पळसाची सात झाडं. पाळीच्या खाली आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत. जे झालं ते या पाळीवर, दक्षिणेकडून तिसऱ्या पळसापाशी झालं.

आमचे हे – मी नाव घेत नाही – अठरा वर्षांपूर्वी धानाची कापणी आटोपल्यावर कामाला हैदराबादेकडे गेले. बांधकामावर. वरठीच्या स्टेशनवरून गाडीत बसले. सुरुवातीला दोनदा फोन आला, गावात ज्यांच्याकडे फोन होता त्यांच्या घरी. मग आला नाही. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, दोनदा जाऊन शोधून आले. पोलिसांत दिलं. ज्या ठेकेदाराकडे होते तो म्हणाला, एका दिवशी सकाळी चहा प्यायला गेले ते आलेच नाहीत.

लग्नानंतरच्या दिवाळीत गावात मंडई भरली होती. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडारीचा खेळ होतो, नाटक होतं, लेकी माहेरी येतात. तिथे लाखांदूरचा एक फोटोवाला पडदा लावून बसला होता. पडद्यावर तलाव रंगवलेला, त्यात कमळं. खरा तलाव सोडून आम्ही रंगवलेल्या तलावासमोर उभे राहिलो. आमच्या दोघांचा तो एकच फोटो. मी त्यात खाली बघत होते. हे समोर बघत होते. कामाला जाताना यांनी तो फोटो पिशवीत टाकला. "तुहं तोंड पाहाले होईल," म्हणाले. मला म्हणावंसं वाटलं की मग मी कुणाचं तोंड पाहू? फोटोवाल्याकडून दुसरी कॉपी करून आणा, एवढंच म्हणायचं होतं. लाज वाटली. नाही म्हटलं.

मागच्या वर्षी पंचायतीत कसलासा फॉर्म भरायचा होता. तिथला बाबू विचारत होता आणि लिहीत होता. रंग? सावळा. उंची? माझ्यापेक्षा वीतभर जास्त. "तोंडावर काही ओळखीची खूण?" मी डोळे मिटून यांचा चेहरा आठवायला गेले... आणि चेहराच आला नाही. शर्ट आला, गळ्याचं बटण आलं, उजव्या पायाची थोडी वाकडी चाल आली. वर काही नाही. बाबूनं "निरंक" लिहिलं. मी घरी आले आणि चूल पेटवायची विसरून तशीच बसून राहिले.

त्याच दिवसांत घरात दुसरी गोष्ट चालली होती. माणसाची बारा वर्षं काही खबर आली नाही, तर आमच्यात त्याचा पळसाच्या पानांचा माणूस करतात. तीनशे साठ पानं लागतात म्हणतात. डोक्याच्या जागी नारळ. मग माणूस गेल्यावर जे करायचं ते सगळं त्या पानांचं करायचं, अग्नी द्यायचा, तेरवीचं जेवण घालायचं, आणि बायकोनं कुंकू पुसायचं. बारा वर्षं होऊन पाच वर्षं झाली होती. मीच काही ना काही निमित्त सांगून ढकलत आणलं होतं. पण सासूबाई आता खाटेवरून उठत नव्हत्या. त्यांचं एकच – "माह्या लेकराचा जीव कुठं अटकून राहिला असंल. मी जायच्या आधी त्याले मोकळं करा."

भाऊजी वाईट माणूस नाहीत. यांच्या वाट्याची बांधीही तेच कसतात आणि धान बरोबर निम्मं आणून देतात. पितृपक्षाच्या आधी त्यांनी माझ्या हातात पाच हजार ठेवले, धानाच्या सरकारी बोनसचे.

"वैनी, बाजारातून सामान घेऊन या. कपडा, लोटा, तीळ, जे लागते ते. बाप्पा, आता नका ढकलू. माय किती दिवसाची हाय?"

मी नाही म्हटलं नाही. मला कुणाला नाही म्हणता येतच नाही. पण एसटीत बसल्यावर मनात एकच होतं – ज्याचा चेहरा मला आठवत नाही, त्याला मी निरोप कसा देऊ? नारळालाच हात जोडू?

लाखांदूरच्या बाजाराआधी त्या मंडईतल्या फोटोवाल्याचा स्टुडिओ लागतो. फोटोवाले काका बाहेर स्टुलावर बसून डबे पुसत होते. केस पिकलेले, पण नाकावरून ओळखू आले. मी थोडी दूर उभी राहिले.

"फोटो नाई निघत आता, बाई," ते म्हणाले. "दुकान बंद करून राहिलो. पुढं मोबाइलवाला हाय, त्याच्याकडं जा."

मी मान हलवली, पण गेले नाही.

"मग काय पाह्यजे?"

"मंडईत... तुमी फोटो काढले होते. त्याच्या निगेटिव्ह..."

"कोनतं गाव?"

मी गाव सांगितलं, साल सांगितलं. ते उठले, आतून एक पत्र्याचा डबा आणला आणि माझ्यासमोर उघडला. "छत गळलं, बाई. पाह्यना. निगेटिव्हची वीट झाली, वीट! आता यातून कोनाले वेगळं करू?" आत काळपट, चिकटलेली ढेप होती. मी तिच्यावर बोट ठेवलं. त्या ढेपेत कुठेतरी आम्ही दोघं होतो.

का कोण जाणे, मी विचारलं, "कोन्या कॅमेऱ्यानं काढला होता?"

"दुसरा होता कुठं माह्यापाशी? हाच." त्यांनी फळीवरून एक चौकोनी डबा उतरवला. समोर एकाखाली एक असे दोन काचेचे डोळे. "मी बी सेकंडहँडच घेतला होता, नागपुरातून. अजून चालू हाय. रील मात्र आता कोनी टाकत नाई. या, पाहा. असा नाई, डोळ्याले नाई लावाचा. छातीपाशी धरा अन् खाली मान घालून पाहा."

खाली मान घालून बघायचं यंत्र असतं हे मला माहीत नव्हतं. वरचं झाकण उघडलं की आत एक धुरकट काच, आणि त्या काचेवर समोरचा सगळा रस्ता. रंगासकट, हलणारा. एक बस आली. ती उजवीकडून येताना ऐकू येत होती आणि काचेत डावीकडून आली. मी दचकले तसे काका हसले.

"आत आरसा हाय. उजवं ते डावं दिसते. माणूसही तसाच दिसन. वरचा डोळा तुमाले दाखवते, खालचा रीलवर घेते. दोन डोळे, दोघांचं काम अलग."

मला एवढंच कळत होतं की यांचा चेहरा एकदा या काचेतून आत गेला होता. जगात बाकी कुठे नसेल, पण इथून गेला होता.

"कितीले देता?"

"घेता का काय?" ते पुन्हा हसले. "साडेचार हजार." मी निघून जाईन असं त्यांना वाटलं असावं. मी पदराची गाठ सोडली, तेव्हा त्यांचं हसू थांबलं. "बाई, घरी विचारलं काय?" मी नोटा मोजून फळीवर ठेवल्या. त्यांनी मग आतल्या फ्रिजमधून दोन रील काढून दिले. "तारीख गेली हाय यांची. पण मेथीच्या जुडीसंगं थंड्यात होते, येईन काही तरी. हे पैसे नाई पाह्यजे."

उरलेल्या पैशांत मी नारळ आणि तीळ घेतले आणि परत आले.

घरी काय झालं ते थोडक्यात लिहिते, कारण लिहायला अजून लाज वाटते. भाऊजी म्हणाले, "लोटा कुठं हाय? कपडा?" मी पिशवीतून कॅमेरा काढून ओसरीवर ठेवला.

जाऊबाई आधी बोलल्या. "हे का होय? रेडू?"

"कॅमेरा."

"अगं माय! क्रियेच्या पैशाचा कॅमेरा! आता बाई फोटोवाली झाली. वाजवा रे बँड!"

भाऊजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि म्हणाले, "वैनी, तुमी असं कधी करत नाई. काहून केलं?" मी एवढंच म्हणाले, "पाचही हजार मी देईन. एकेक रुपया देईन." खाटेवर सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. त्या वर्षीचा पितृपक्ष तसाच गेला. भाऊजींनी सांगून ठेवलं – पुढच्या वर्षी मात्र होणार. तोपर्यंत पैसे जमवा, त्याच पैशात करू.

म्हणजे माझ्या हातात एक वर्ष होतं.

त्या वर्षात मी कॅमेऱ्याची ओळख करून घेतली. सुरुवातीला रील न टाकताच बघायची. बाजूला एक गोल चाक आहे, ते फिरवलं की कधी जवळचं स्पष्ट होतं, कधी दूरचं. स्पष्ट होतं तिथे चाकावरचे आकडे सांगतात की वस्तू किती फुटांवर आहे. मला आकडे वाचता येतात. मी पावलांनी मोजून पाहायची, बरोबर यायचं. मागे एक लाल काचेची खिडकी आहे, तिच्यात आता कितवा फोटो घ्यायचा तो आकडा येतो. एका रीलवर बाराच. पहिलं रील मी वाया घालवलं. आठ फोटो काढून झाले आणि मला राहवेना. लोणचं मुरलं का ते बघावं तसं मी मागचं झाकण उघडून आत काही उमटलं का ते बघितलं. दिवसाउजेडी! काका म्हणाले, "झालं, सारं जळलं." दुसरं रील मी तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवलं, उन्हाची झळ लागू नये म्हणून.

पण एक गोष्ट झाली. मला माणसांकडे बघता यायला लागलं. खाली मान घातलेली बाई आपल्याकडे बघते आहे असं कुणाला वाटतच नाही. मी पहिल्यांदा जाऊबाईंचं हसणं नीट बघितलं, त्यांचा एक दात आत गेलेला आहे. भाऊजींच्या शर्टाचा खिसा डाव्या बाजूला, त्यात विडीचा कट्टा. काचेत तो दुसऱ्या बाजूला दिसायचा. कुणीही समोर आलं की आधी मी खिसा बघायची, मजा वाटायची. मास्तरांचं घड्याळ दुसऱ्या हातात जायचं, किराणा दुकानाची पाटी उलटी व्हायची. फाल्गुन लागेपर्यंत एकही माणूस, एकही झाड मला त्या काचेत सुलटं दिसलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

फाल्गुनात गोष्ट घडली. पाळीवरच्या पळसांना एक पान नव्हतं, नुसती केशरी फुलं. तलावाचं पाणी मागे सरलेलं. मी दुसरं रील टाकलं होतं आणि अकरा फोटो झाले होते – सासूबाईंचे दोन, बकरीचा, जाऊबाई धान पाखडताना, असे. लाल खिडकीत बाराचा आकडा होता. शेवटचा फोटो पळसाचा घ्यायचा म्हणून मी चारच्या सुमाराला पाळीवर गेले. ऊन होतं. खाली बांधीत कुणी नव्हतं. जेवून आले होते, उपाशी नव्हते, ताप नव्हता.

तिसऱ्या पळसासमोर मी बसले, कॅमेरा मांडीवर घेतला आणि मान खाली घातली. आधी सगळं धूसर होतं. मी चाक फिरवलं. झाड वर यायला लागलं, फुलं दिसायला लागली... आणि झाडाच्या अलीकडे काहीतरी उभं होतं. मला वाटलं कुणी गुराखी आला. मी मान वर केली नाही, सवय नाही. चाक अजून थोडं फिरवलं. धूसर गेलं आणि तिथे हे उभे होते.

ओळख पटायला वेळ लागला नाही, हे मला सगळ्यात नवल वाटतं. इतके महिने जो चेहरा आठवत नव्हता तो समोर आला आणि वाटलं, अरे, हाच तर... हनुवटी अशी, कपाळ असं, खालचा ओठ असा थोडा पुढे. पण जसे गेले तसे नव्हते. म्हातारे झाले होते. गाल बसलेले. डोळ्यांवर चष्मा, त्याला मागून दोरी बांधलेली. केस काळेच, फक्त डाव्या कानाच्या वर पांढरा पट्टा, चुन्याचं बोट ओढावं तसा. अंगात मी कधी न पाहिलेला चौकड्यांचा शर्ट. ते माझ्याकडे बघत नव्हते. पायाशी काहीतरी हरवल्यासारखे खाली बघत होते. आणि शर्टाचा खिसा बरोबर जागेवर होता.

हे मला त्याच क्षणी दिसलं. मागचं झाड उलटं होतं – ज्या बाजूला मोडलेली फांदी असायला हवी तिच्या दुसऱ्या बाजूला फांदी होती. तलावाचं पाणी उलटीकडे होतं. सगळं उलटं, आणि हे एकटे सुलटे. आपल्यासमोर माणूस उभा असतो तसे.

मला मान वर करायची होती. किती वेळ केली नाही ते सांगता येणार नाही. वाटत होतं, वर बघितलं की जातील. खाली बघून राहिले तर राहतील. आयुष्यभर लोक मला म्हणत आले, वर बघ वो, वर बघून बोल. त्या दिवशी खाली बघायला मला कुणी अडवणारं नव्हतं. मी त्यांना पाहून घेतलं. लग्नातही इतकं पाहिलं नव्हतं. वाऱ्यानं त्यांचा शर्ट हलत होता. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. मग मी कळ दाबली. टिक झालं. त्या आवाजानं माझीच मान वर झाली.

पळस होता. बाकी कुणी नाही. पाळ दोन्हीकडे लांबपर्यंत मोकळी होती, लपायला जागा नाही. पुन्हा काचेत बघितलं. झाड, पाणी. मी अंधार पडायच्या आत घरी आले, भाकरी केल्या, कुणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं काकांकडे. त्यांनी आपल्या न्हाणीघरात रील धुतलं आणि निगेटिव्हएवढेच बारा छोटे फोटो काढून दिले. तोवर मी त्यांच्या अंगणात बसून होते.

"अकरा झकास हायत," ते म्हणाले. "तुमच्या सासूचा तर असा फोटो मलेही नसता जमला. पण हा बारावा... कायचा घेतला?"

मी फोटो हातात घेतला. पळस होता, धूसर. मागचं पाणी धूसर. पुढचं गवतही धूसर. मधल्या एका पट्ट्यात मात्र गवताची काडी न् काडी मोजता येईल इतकी स्पष्ट. त्या पट्ट्यात कुणी उभं नव्हतं.

"फोकस तर आठ फुटांवर हाय," काका म्हणाले. "माणसावर घ्यावा तसा. पण माणूस कुठं हाय?"

मग मी त्यांना सांगितलं. बाहेरच्या माणसाला सांगितलेली माझी ती पहिली मोठी गोष्ट. खिशाचंही सांगितलं. त्यांनी फोटो पुन्हा उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "डोळे थकले असतीन, बाई. गवतावर फोकस गेला असंन." थोड्या वेळानं म्हणाले, "पण खिशाचं मले नाई समजलं. आरसा हाय तो. आरशात कोनी सुलटा नाई दिसत. मी चाळीस साल पाहून राहिलो त्याच्यात."

वरच्या डोळ्यानं दाखवलं ते खालच्यानं घेतलं नव्हतं. मला फोटो मिळाला नाही.

घरी आले तेव्हा जाऊबाई शेतात होत्या. सासूबाई खाटेवर जाग्या होत्या. मी त्यांना त्यांचा फोटो दाखवला, पण मोतीबिंदूमुळे त्यांना दिसेना. त्या नुसत्या बोटानं कागद चाचपत होत्या.

"रडून काहून राहिली?" त्यांनी विचारलं. रडत होते हे मलाच माहीत नव्हतं.

"माय, मले ते दिसले."

"कोन?"

"तुमचे लेक."

त्या ओरडतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "कसा दिसला? तेव्हासारखा?"

"नाई. थकले हायत. चष्मा लागला. केस काळे हायत, पण डाव्या कानाच्या वर पांढरा पट्टा आला, असा." मी त्यांच्या कानावर बोट ओढून दाखवलं.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. "तुले कोनं सांगितलं?"

"काय?"

"माह्या मालकाले होता तसा. चाळिशी झाली अन् डाव्या कानावर पट्टा आला. बाकी डोक्स काळंभोर. लोक चिडवत, चुना लागला म्हणून. मरेस्तोवर तसाच होता. तुले कोनं सांगितलं?"

कुणी सांगितलं नव्हतं. हे लहान असतानाच माझे सासरे गेले. त्यांचा फोटो नाही. भाऊजी तेव्हा पोटात होते. गावात कुणी बोललंही असेल... पण मी तरी ऐकलं नव्हतं. मी खूप आठवून पाहिलं. अजूनही पाहते.

सासूबाई कितीतरी वेळ माझं मनगट सोडेनात. मग म्हणाल्या, "चष्म्याले दोरी होती म्हणते?"

"हो."

"मंग बांधून देणारं कोनी तरी हाय त्याच्यापाशी." त्यांच्या तोंडावर हसू होतं. मला मात्र हसू आलं नाही. तो विचार माझ्या मनात आलाच नव्हता. आता रोज येतो. कोण असेल? बाई असेल का? बरी असेल का? यांना भाकर कडक लागते हे तिला माहीत असेल का?

संध्याकाळी भाऊजी आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना खाटेपाशी बोलावलं. "पानं तोडाची नाई. मेलेला माणूस म्हातारा नाई होत. जित्या माणसाले मी जाळू देनार नाई."

"माय, वैनीनं तुले काय सांगितलं?"

"तिनं जे पाह्यलं ते सांगितलं. तू तुह्या बापाले पाह्यलं काय? मंग गप राय."

भाऊजी ओसरीवर जाऊन बसले. जाऊबाई मला चुलीपाशी हळूच म्हणाल्या, "खरं सांग, काही दिसलं होतं?" मी होकार दिला. त्यांनी त्यानंतर मला फोटोवाली म्हटलं नाही.

त्यानंतर मी काकांकडून, त्यांच्या नागपूरच्या पुतण्याकरवी, एक रील मागवलं. ते अजून टाकलेलं नाही. न टाकताही रोज पाळीवर जाऊन बसते. चाक आठ फुटांवर ठेवते. पळसाला पानं आली, पाऊस पडला, धानाची रोवणी झाली. पुन्हा कुणी दिसलं नाही. मला काय झालं होतं ते मला माहीत नाही. डोळ्यांचा खेळ म्हणावा, तर पट्ट्याचं काय? मनातलं दिसलं म्हणावं, तर माझ्या मनात तर चेहराच नव्हता. ते कुठे असतील, त्या दिवशी चार वाजता ते कुठे उभे राहून चष्मा पुसत असतील, आणि माझ्या काचेत कसे आले... कुणाला याचं उत्तर माहीत असेल तर मला ते हवं आहे. नसेल तरी चालेल. चेहरा आता आठवतो. चष्म्यासकट आठवतो.

पैशांचं सांगायचं राहिलं. क्रिया होणार नाही म्हटल्यावर भाऊजी म्हणाले, "वैनी, आता कायचे पैसे? राहू द्या." मी ऐकलं नाही. त्यांनी ते यांच्या क्रियेसाठी दिले होते. माझ्याकडे राहिले असते तर ते क्रियेचेच पैसे राहिले असते. मी उन्हाळ्यात मोहफुलं विकली, तेंदूपानांची पुडकी बांधली, पावसाळ्यात बाहेरगावच्या रोवणीला गेले. जसे येत तसे देत गेले. भाऊजी तोंड वाकडं करून घेत होते.

शेवटचे आठशे मी पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी नेऊन दिले. ते बांधावर उभे होते. धानावर तुडतुडा पडला होता आणि ते एक एक बुंधा उकलून बघत होते.

"यांचं काय करू मी आता?" नोटा हातात घेऊन ते म्हणाले.

"फवारणीचं औषध आना," मी म्हणाले. "दोन्ही वाट्यांवर मारा. तुमच्या अन् त्यांच्याबी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही बघितलं, कॅमेरा नसताना. मग मी म्हणाले, मोजून घ्या. त्यांनी बोटाला थुंकी लावून मोजले आणि आधीच्यांत मिळवले.

"झाले, वैनी," ते म्हणाले. "पाच हजार. आता काही बाकी नाई."